किल्ल्यात जन्मलेली चाची

नारपोलीहून निजामपुऱ्याला जाणाऱ्या शेअर रिक्षात मी बायकोला सांगत होतो, "उद्या बघशीलच. मुरुडच्या जंजिऱ्याला म्हणे दरवाजाच नाही."

शेजारची बुरख्यातली म्हातारी एकदम वळली. "हाय की दरवाजा! होडी अगदी जवळ जाईपर्यंत दिसत न्हाय, एवढंच!"

मग ती थांबेचना. चारी बाजूंनी खारा समुद्र आणि आतल्या तळ्याचं पाणी गोड, हे सांगताना तिनं ओंजळ तोंडाला लावून दाखवली. दरवाजाजवळ दगडात कोरलेल्या वाघानं पंजांत हत्ती धरलेत, हे सांगताना तर माझं मनगटच पकडलं. रिक्षावालाही आरशातून बघत ऐकू लागला.

"चाची, तुम्हाला एवढं कसं माहीत?" मी विचारलं.

"पैदाच तिथं झाले ना मी! आत आमची घरं होती, शाळा होती."

"मग सोडलात कशाला?"

"किल्ला कुणाला जिंकता आला न्हाय, बेटा. रोटीसाठी आम्हीच एकेक करून निघालो. अब्बा इथं कापडाच्या लूमवर कामाला लागले, मग इथंच राहिलो."

ती हसतच होती. मी आजवर त्या किल्ल्याच्या फक्त लढाया वाचल्या होत्या. तिथं कुणाचं बालपण गेलं असेल, हे कधी मनातच आलं नव्हतं.

"आमच्याबरोबर चला ना उद्या. गाडीत जागा आहे," बायको म्हणाली.

चाचीची गल्ली आली. खाली उतरताच ती वरच्या खिडकीकडे बघून ओरडली, "बहू, उद्या माझी वाट बघू नको! मी माझ्या घरी चाललेय!"