समोरच्या बाईंचा पुठ्ठ्याचा की-बोर्ड

परळीत कम्प्युटर शिकवणारे दोनच वर्ग होते, तेव्हा मी त्यातल्या मोठ्या वर्गात शिकवत होतो. बारा कम्प्युटर, एसी, जनरेटर आणि दारावर 'मराठवाड्यात प्रथमच' अशी पाटी. मालकांचं मूळ दुकान कापडाचं. कम्प्युटर त्यांना चालू करता येत नसे, पण वीजकेंद्राची राख बसते म्हणून रोज सकाळी मऊ फडक्यानं ते स्वतः पुसायचे.

रस्त्यापलीकडे, पिठाच्या गिरणीच्या माडीवर, एका बाईंचा वर्ग होता. त्या आधी टायपिंग शिकवायच्या. त्यांच्याकडे कम्प्युटर दोन, त्यातला एक बहुतेक बंदच.

मला पगार डॉस शिकवण्याचा होता, पण खरं काम खिडकीत उभं राहण्याचं. "काय चाललंय समोर?" मालक आल्या आल्या विचारायचे. बाईंनी बायकांसाठी दुपारची तुकडी काढली की आठवड्याभरात आमचीही निघायची, आणि पाटीवर तीसुद्धा 'प्रथमच' व्हायची.

दोन कम्प्युटरवर एवढी मुलं बसणार कशी, म्हणून बाईंनी पुठ्ठ्यावर शाईनं की-बोर्ड काढून प्रत्येकाला दिला. मुलं त्यावर बोटं बसवायची आणि पाळी आली की खऱ्या मशीनवर जायची. मी हे मालकांना सांगितलं.

"मग आपल्याकडं काहून न्हाईत?"

"मालक, आपल्याकडं खरेच बारा आहेत."

"ते ऱ्हाऊ द्या. पोरं तिकडं चाललीत न्हवं?"

मी ओळखीच्या मुलाकडून एक पुठ्ठा मागून आणला. घाईत बाईंच्या हातून त्यावर 'डी' राहून गेला होता. मी ते दाखवलं. मालकांनी पुठ्ठा दोनदा फिरवून पाहिला. "समोर आसंच हाय ना? मग आसंच छापा." छापखान्यातून दुरंगी, गुळगुळीत, 'डी' नसलेले शंभर की-बोर्ड आले. बाईंनी तोवर त्यांच्या पुठ्ठ्यांवर पेनानं 'डी' लिहूनही टाकला होता.

एकदा धीर करून मी म्हणालो, "मालक, आपण आपलं काही नवं काढू या की."

ते रागावले नाहीत. "ती चुकली तर तिचा एक पुठ्ठा वाया जातो," ते म्हणाले, "मी चुकलो तर गावभर हसं."

पुढे गिरणीचं पीठ जाऊन जाऊन बाईंचे दोन्ही कम्प्युटर बसले. मालक स्वतः माडी चढून गेले आणि बाईंना आमच्याकडे शिकवायला घेऊन आले. पहिल्याच दिवशी बाई म्हणाल्या, "धडे मराठीत लिहू या. पडद्यावर इंग्रजी वाक्य आलं की खेड्यातली मुलं हात काढून घेतात."

"लई चांगलं," मालक म्हणाले. "पण आदी कुणी केलंय का?"

"नाही. म्हणून तर म्हणते."

"मग जरा थांबू."

असं दर आठवड्याला झालं. बाईंनी बोलणंच सोडलं. मालकही बेजार दिसायला लागले. सवयीनं ते विचारायचे, "काय चाललंय समोर?" आणि मी सांगायचो, "मालक, समोर कुणी नाही. बाई इथंच बसल्यात."

शेवटी एका दुपारी त्यांनी बाईंना बोलावलं आणि अगदी कळकळीनं म्हणाले, "बाई, तुमी परत तिकडंच जावा. एक कम्प्युटर मी देतो."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी लगेच होकार दिला.

कम्प्युटर हातगाड्यावर घालून मी रस्ता ओलांडला आणि माडीवर नेऊन जोडून दिला. खाली गिरणी चालूच होती. "मराठी धडे लिहायला सोबत हवी," बाई म्हणाल्या. खिडकीत उभं राहण्याची मला इतकी लाज वाटत होती, हे मला तेव्हाच कळलं. मी परत गेलो तो नोकरी सोडतो हे सांगायलाच.

मालकांनी वाईट वाटून घेतलं नाही. "जावा," ते म्हणाले. "पण कळवत जावा."

मी कधी कळवलं नाही. धडे लिहायला मात्र आम्हाला पुरा उन्हाळा लागला.