दाऊदभाईंचं एक राहिलेलं वाक्य

दाऊदभाई गेल्याचं पोस्टकार्ड मंचरला माझ्या हाती पडलं तेव्हा दफन होऊन चार दिवस झाले होते. शाळेतून येता येता वाचलं आणि तिथेच एका ओट्यावर बसून राहिलो... जुन्नरला मास्तर होतो ती नऊ वर्षं मी या माणसाच्या शेजारात काढली. ताप येतो काय आणि आठवड्यात माणूस जातो काय. फार वाईट वाटलं.

दाऊदभाई कागदी घराण्यातले. बापजादे जुन्नरात हातकागद करायचे. यंत्राचा स्वस्त कागद आला आणि धंदा बसला. मग हे भात सडायच्या गिरणीत बॉयलरपुढे लाकडं सारायला लागले. इंजिन बसवायला आलेला मुंबईचा फिटर महिन्यात परत गेला. पुढचं सगळं दाऊदभाई बघून, ऐकून शिकले. आवाज जरा बदलला की कुठे काय ढिलं झालंय ते जागेवरून सांगत. पण त्यांची खरी कमाल पुठ्ठ्याची. नळ बॉयलरला जोडतात तिथे वाफ फुटू नये म्हणून मध्ये पुठ्ठा घालतात. मुंबईचा माल महिन्याभरात करपून सूं सूं करायला लागे. दाऊदभाईंनी घरच्या कागदाचे ओले ताव एकावर एक दाबून पुठ्ठा केला, त्याला जवसाचं तेल आणि शेंदूर पाजला, आणि तो वर्षभर टिकला. कागद्याचं पोर शेवटी कागदच करणार, असं मी चिडवायचो. ते हसायचे.

मग सरकारी हुकूम आला. सर्टिफिकेट नसेल त्याने बॉयलरला हात लावायचा नाही. बारा वर्षं सांभाळलेलं काम जायची वेळ आली. परीक्षा घ्यायला पुण्याहून गोरा साहेब गिरणीतच येणार होता आणि दुभाष्या मी. माझं इंग्रजी तेव्हा गावात मोठं समजत, आणि मीही तसंच समजे. पुस्तकातली उत्तरं मी त्यांच्याकडून घोकून घेतली होती. साहेबापुढे त्यातलं एक आठवेल तर शपथ. साहेब वही मिटणार, तेवढ्यात त्याची नजर नळाच्या सांध्यावर गेली. हा पुठ्ठा कुठला, असं त्यानं विचारलं. दाऊदभाईंचा चेहरा उजळला.

"घरी करतो, साहेब. लगदा माझा. पण ताव माझी बायको हमीदा लावती, घोटती बी तीच. किती थर पायजेत ते तिच्या बोटांना कळतं, माझ्या न्हाई."

मी साहेबाला सांगितलं, हा स्वतः घरी करतो. एवढंच. बाईने घरात केलेला पुठ्ठा बॉयलरला लावलाय म्हटलं तर साहेब बिथरेल, अशी मला भीती वाटली. साहेब खूश झाला. त्याने इंजिन सुरू करायला सांगितलं आणि पुढचे दोन तास दाऊदभाई हातांनी उत्तरं देत राहिले. महिन्याभराने सर्टिफिकेट आलं. त्यात आपलं सगळं बोलणं उतरलंय, असं ते धरून चालले. मी खुलासा केला नाही, आणि पुढे विसरूनही गेलो.

चाळिसाव्याला जुन्नरला गेलो. हमीदाभाभी नवऱ्यामागे पाळायच्या इद्दतीच्या एकांतात, म्हणून दाराआडून बोलत होत्या. गिरणीवर नवा सर्टिफिकेटवाला इंजिन-ड्रायव्हर आलाय, त्याचे सांधे गळतात. शिल्लक पुठ्ठा मागायला तो दारात आला होता. शिल्लक नव्हता, मी करून देते, असं भाभींनी कळवलं, तर हे बाईमाणसाचं काम नाही असा मालकाचा निरोप आला. एवढं सांगून त्यांनी दाराच्या फटीतून सर्टिफिकेट पुढे केलं.

"ह्यात माझं बी नाव हाय, असं ते म्हणायचे. कुठं हाय तेवढं दाखवा, मास्तर. मालकाला धाडते."

मी कागद हातात धरून उभा राहिलो. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

"भाभी, नाव नाही. ते बोलले होते... मीच साहेबाला सांगितलं नाही."

मग त्यांनी विचारलं, "त्यांना ठावं व्हतं?"

"नाही."

"मंग ते माझ्याशी खोटं न्हाई बोलले," त्या म्हणाल्या.

मी तडक गिरणीवर गेलो. दाऊदभाईंचं राहिलेलं वाक्य मालकापुढे जसंच्या तसं म्हटलं, माझं पापही सांगितलं. त्याने हिशेबाची वही पुढे ओढली. नवा ड्रायव्हर मात्र उठला, सांध्यातून काढलेला दाऊदभाईंचा शेवटचा पुठ्ठा घेऊन माझ्याबरोबर त्या दाराशी आला आणि अदबीने विचारता झाला, किती थर लागतील? दाराआडून एक हात बाहेर आला. दोन बोटांत तो पुठ्ठा धरला, जरा चोळला.

"सात," भाभी म्हणाल्या.