परतीच्या पंगतीचा मान

एकोणीसशे सत्तावन्नच्या उन्हाळ्यात डहाणूच्या वाडीत बकुळाच्या डोक्यावर नारळ पडला. उगाच हळहळू नका, मेली नाही. शुद्धीवर आली, पण डावीकडचं दिसेनासं झालं. डॉक्टर म्हणाले, डोळे चांगले आहेत, मार मेंदूला बसलाय. आता हे असंच राहणार.

बकुळानं ते मनावर घेतलं नाही. ताटात डावीकडचा भात तसाच राहायचा आणि ती म्हणायची, रतन वाढताना हात आखडते. डाव्या खांद्याला दाराची चौकट लागली की शिव्या चौकटीला. रतन ही धाकटी जाऊ. "जाऊबाई, तुम्ही बसा, तूप मी वाढते," हे तिचं रोजचं. पंगतीत तूप वाढायचं ते घरच्या मोठ्या सुनेनं. ते भांडं हातातून गेलं की माणूस कोपऱ्यातल्या खाटेवर जातं. बकुळाच्या सासूचं तसंच झालं होतं, आणि भांडं काढून घेणारी बकुळाच होती.

लेकीच्या, चंपाच्या, साखरपुड्याला गंजाडची मंडळी आली. ओटीवर समोरासमोर दोन पंगती बसल्या. बकुळा मधून तूप वाढत गेली आणि उजवी पंगत संपवून टोकाला थांबली. तिच्या लेखी काम झालं होतं. डावीकडे गंजाडकर कोरड्या भातापुढे हात आवरून बसलेले. तुपाआधी घास कोण घेणार?

"विहीणबाई," नवऱ्या मुलाचा मामा म्हणाला, "तुमच्या म्हशीचं आमच्याशी काही वाकडं आहे का?"

कुणी हसलं नाही. बकुळाचे यजमान गोविंदराव जमिनीकडे बघायला लागले. रतन भांडं घ्यायला पुढे झालीच. बकुळा आवाजाकडे वळली, आणि वळल्याबरोबर अख्खी पंगत तिच्या उजव्या हाताला आली. माणसं, पानं, मामा, सगळं जागच्या जागी.

"आमच्यात व्याह्यांना परत येताना वाढतात," ती म्हणाली. "मान असतो तो. घाई असेल तर तसं सांगा."

मामाच्या भातावर तिनं दोनदा तूप घातलं. साखरपुडा पार पडला, भांडं तिच्याकडेच राहिलं, आणि पुढे प्रत्येक पंगतीत ती एका बाजूनं वाढत जाऊन दुसऱ्या बाजूनं परत यायची.

मान म्हटल्यावर गंजाडकर तरी कसले सोडतात. काही वर्षांनी बकुळा नातवाच्या बारशाला तिकडे गेली. चंपाची नजर ठणठणीत, पण सासूचा हुकूम. तीही एक पंगत वाढत गेली आणि दुसरी परत येताना. बकुळा व्याह्यांकडची, म्हणून परतीच्या पंगतीत, तेही अगदी शेवटच्या पानावर. भात निवून गेला.

"चंपे, कुणी काढली गं ही रीत?"

"गप बस, आई. मान आहे तुझा."