हेडात अडकलेले दोन स्टड

२००६ सालच्या मार्चात मी एक शहाणपणा केला. कासुर्डीच्या आमच्या वस्तीत तेव्हा चारचाकी एकच, माझी जुनी डिझेल जीप. माझ्या बायकोला, करुणाला, नववा महिना लागला होता. पहिलं बाळ दवाखान्यात न्यायला गाडी मिळेपर्यंतच गेलं होतं, म्हणून तर ही जीप घेतली. आणि आता जीपमध्ये बसलं की धुरानं तिचा जीव घुसमटायचा. इंजिनाचा धूर सायलेन्सरकडे नेणारा बीडाचा मॅनिफोल्ड सांध्यातल्या गॅस्केटपाशी गळत होता. गाडी जरा थांबली की सगळा धूर आत. म्हटलं, घरीच नवं गॅस्केट टाकू, त्यात काय!

नट गंजलेले. मी पान्याला हातभर पाईप लावून हिसका दिला. कट्! नट ज्यावर बसतो तो स्टडच तुटला. शहाण्यानं तिथं थांबावं. मी चिडून दुसऱ्यालाही तसाच हिसका दिला. कट्! दोन थोटकं इंजिनाच्या हेडात अडकलेली, मॅनिफोल्ड अंगणात, आणि करुणा पोटावर हात ठेवून दारात उभी.

यवतच्या वेल्डिंगवाल्याकडे लोडशेडिंग होतं. मेकॅनिक म्हणाला, हेड उतरवून पुण्याला न्या, आठवडा धरा. दौंडच्या डॉक्टरीणबाईंनी तर कधीही कळा येतील असं सांगितलेलं. घरी येऊन मी पुन्हा पाईप उचलला.

"ठेव खाली," ओट्यावरून आप्पा म्हणाले.

माझे वडील साहेबराव दौंडच्या रेल्वे शेडमध्ये तीस वर्षं फिटर होते. रिटायर झाल्यावर त्यांचे हात थरथरायला लागले, बशीतला चहा सांडायला लागला, तसं मीच त्यांना पान्याला हात लावू देईना. घरात फिटर असताना मी गावभर विचारत फिरलो, याची मला आजही लाज वाटते.

"माझ्या पेटीतला ब्लोलॅम्प आण. आन् आईकडनं मेणबत्ती."

आई, जाईबाई, वंदनेच्या मेणबत्त्यांचा पुडा छातीशी धरूनच आली. "अवो, ह्या बुद्धापुढं लावायच्या! इंजिनाला कशाला?"

"जिथं अडलंय तिथं लावायची," आप्पा म्हणाले. आई हसली आणि एक काढून दिली.

मी धरलेल्या ब्लोलॅम्पच्या ज्योतीत स्टड चांगला तापल्यावर आप्पांनी आच बाजूला करायला लावली आणि मेणबत्ती त्याच्या बुडाशी टेकवली. मेण वितळलं आणि आट्यांमध्ये ओढलं गेलं. मग त्यांनी स्वतः ग्रिप प्लायर धरला. आता बुडातून तुटला तर सगळंच संपलं.

"हिसका न्हाई द्यायचा. जरा सैल, जरा आवळ. आटा आपसूक वाट देतो."

"आप्पा, तुमचा हात..."

"त्यो आपोआपच मागंपुढं व्हतोय. तुझ्यापरीस बरा हाय."

कर्रर आवाज झाला आणि थोटूक हललं. मी ओरडलोच. दुसऱ्याला तीनदा तापवावं लागलं, निम्मी मेणबत्ती संपली. पण दिवेलागणीच्या आत दोन्ही तुकडे आप्पांच्या तळहातावर होते. मी त्यांना कडकडून मिठी मारली. "बास, बास. नवे स्टड आण, गॅस्केट बसव," म्हणाले.

चौथ्या दिवशी पहाटे करुणाला कळा सुरू झाल्या. आई तिच्याजवळ मागे बसली, आप्पा माझ्या शेजारी. दौंडच्या वाटेवर नेमकं रेल्वेचं फाटक लागलं. मालगाडी संपता संपेना. इंजिन बंद करायची माझी हिंमत होईना. कळ ओसरल्यावर करुणानं लांब श्वास घेतला, मग आणखी एक.

"धूर येतोय का गं?" मी विचारलं.

"कसला धूर? तुम्ही फाटकाकडं बघा!" ती खेकसली. मला इतकं हलकं वाटलं की मी हसलोच.

आमची मोनाली दहाच्या सुमारास जन्मली. तिचं रडणं बाहेर ऐकू आलं. थोड्या वेळानं डॉक्टरीणबाई दारात येऊन म्हणाल्या, "दोघी छान आहेत. वेळेत आणलंत."

"काय म्हन्लात, बाई?" आप्पांनी विचारलं.

आप्पांचे कान अगदी शाबूत होते. बाईंनी पुन्हा सांगितलं, "वेळेत आणलंत, आजोबा."