गाडीला जरा बरं नाही

साकिमुनला उतारावर घाबरलेलं मी कधी पाहिलं नाही. तो घाबरायचा तो मालकासमोर तोंड उघडायला.

क्लेपूच्या उताराखाली माझी खानावळ आहे. मेरापी ज्वालामुखीची वाळू भरून खाली आलेले ट्रक इथे थांबतात, तापलेल्या ब्रेकच्या ड्रमवर पाणी ओततात आणि चालक माझ्याकडे कॉफी पितात. सगळे मला बुलिक म्हणतात, म्हणजे मावशी. साकिमुनचा ट्रक वयाने त्याच्या बायकोपेक्षा मोठा होता. सकाळी त्याच्या ब्रेकच्या टाकीत हवा भरेस्तोवर माझा भात शिजून व्हायचा.

"बुलिक, या गाडीचा ब्रेक म्हणजे रुसलेला जावई," तो म्हणायचा. "तीनदा बोलावल्याशिवाय यायचा नाही."

"मालकाला सांगितलंस?"

"सांगितलं ना."

"काय सांगितलंस?"

मग तो बाकावर सावरून बसला, हात पोटाशी जुळवले आणि आवाज असा खाली आणला, जणू मालक हाजी दर्सोनो माझ्या सोयाबीनच्या तळलेल्या तेंप्यांच्या ताटामागेच बसलेत. "म्हटलं, क्षमा असावी, पाक हाजी. गाडीला जरा बरं वाटत नाहीये."

"मेल्या, गाडीला काय पडसं झालंय?"

सगळे चालक हसले. तोही हसला. "मग काय म्हणू? तुमची गाडी माणसं मारणार, असं तोंडावर? माझ्या बापाला त्यांच्या वडिलांनी कामाला ठेवलं होतं, बुलिक."

आम्हा जावातल्या माणसांच्या तोंडात दोन भाषा असतात. एक बरोबरीच्यांची, ती माझ्या खानावळीत चालते. तिच्यात शिव्याही आहेत आणि खरंही आहे. दुसरी मोठ्यांसमोरची, लोण्यात घोळलेली. तिच्यात तक्रार करायची तर ती आजाऱ्याची विचारपूस वाटावी लागते, नाहीतर आईबापांनी वळण लावलं नाही म्हणतात. आणि मोठा माणूस त्यावर 'हो' म्हणतो. त्या 'हो'चा अर्थ 'ऐकलं' एवढाच असतो. 'हो हो म्हणणारा पुन्हा भेटत नाही' अशी आमच्याकडे म्हणच आहे.

"मग हाजी काय म्हणाले?"

"हो म्हणाले," साकिमुनने समाधानाने सांगितलं. म्हण त्यालाही पाठ होती.

ईदच्या आधी गाडी खरंच गॅरेजमध्ये गेली. आठवड्याने बाहेर आली तेव्हा चकाकत होती. मागच्या फळीवर लाल ओठांची एक बाई रंगवलेली आणि खाली मोठ्या अक्षरांत 'धीर धरा'.

"ब्रेकचे लायनर बदलले का रे?"

"तेच आहेत. पण पुन्हा सांगून आलोय."

"पुन्हा बरं नाही?"

"या वेळी म्हटलं, फारच थकलीय."

मला संताप आला. "मग चालवू नकोस ना. ठेव किल्ली त्यांच्या पुढ्यात."

तो तेंपे चघळत राहिला. मग हळू म्हणाला, "मी नाही तर दुसरा चालवील, बुलिक. मला निदान ठाऊक आहे की ती कुठे दगा देते. नवा माणूस पहिल्याच वळणावर जाईल." हे तो फुशारकीने म्हणाला नाही. मी त्याचा कॉफीचा कप पुन्हा भरला.

बाजाराच्या दिवशी, सकाळी, अख्ख्या उतारभर हॉर्न वाजत आला. मी बाहेर धावले. चाकांतून धूर निघत होता आणि साकिमुन खिडकीतून हात हलवून लोकांना बाजूला व्हा म्हणत होता. वळणाशी त्याने गाडी भिंतीवर घातली, पण भिंतीच्या अलीकडे जिनेम टोफू विकत बसायची. ती गेली आणि तिच्याकडे टोफू घ्यायला थांबलेला एक मोटारसायकलवाला गेला. साकिमुनचा पाय मोडला. पेपरात आलं 'ब्रेक फेल', जसं 'वीज पडली' येतं तसं.

खटल्यात हाजी साक्षीदार होते, आरोपी साकिमुन. हाजी चांगला बाटिक शर्ट घालून आले आणि खोटं एक अक्षर बोलले नाहीत. न्यायाधीशांनी विचारलं, चालकाने तक्रार केली होती का?

"गाडीला बरं नाही म्हणाला होता," हाजी म्हणाले. "मला वाटलं, रंग उडालाय, सीट फाटलीय, त्याबद्दल म्हणतोय. म्हणून तर सगळी गाडी रंगवून घेतली. ब्रेक हा शब्द त्याने एकदाही काढला नाही. काढला असता तर त्याच दिवशी गाडी उभी केली असती."

कोर्टात बसलेल्या प्रत्येकाला 'बरं नाही'चा अर्थ कळत होता. कोणी हूं की चूं केलं नाही.

तेव्हा साकिमुन कुबडीवर उभा राहिला. हाजींकडे वळला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्याशी माझ्या खानावळीतल्या भाषेत बोलला. "ब्रेक गेले होते. मला ठाऊक होतं. तुलाही ठाऊक होतं. किल्ली हातात देताना रोज ठाऊक होतं."

हाजींची मान खाली गेली. माझ्या शेजारी त्याची बायको तुमिराह बसली होती, तिचा हात मी घट्ट धरला. मला वाटलं, झालं, आता बांध फुटला.

न्यायाधीशांनी त्याला थांबवलं. ब्रेक गेलेत हे ठाऊक असून गाडी चालवलीस का, असं विचारलं.

"चालवली," साकिमुन म्हणाला.

ते लिहून घेतलं गेलं. निकालात तेच आलं: दोष ठाऊक असूनही. नुसता अपघात धरला असता तर थोडक्यात सुटला असता, असं वकील म्हणाला. आता पाच वर्षं. 'तुलाही ठाऊक होतं' हे आरोपीचं मत, त्याला पुरावा नाही, म्हणून सोडून दिलं.

कोर्टाच्या पायऱ्यांवर तुमिराह बसली होती. मी तिला म्हटलं, "तुझा नवरा आज माणसासारखा बोलला."

"इतकी वर्षं गप्प बसला, बुलिक," ती म्हणाली, "आजचा एक दिवस बसला असता तर घरी आला असता."

मला तिचा राग आला. पण तिचं खरं होतं.