जिरणारा पडदा

थोरलीला राग यायचा नाही. तो तिच्याकडे राहायलाच होता. घरी धाकटी बहीण म्हणायची, "ताई उठायच्या आधी तिचा राग उठतो, दात घासतो आणि वाट बघत बसतो." कामावर तिच्या मागे तिला फोडणीबाई म्हणत. तिला ते ठाऊक होतं, आणि त्याचाही राग होताच.

फक्त काचेसमोर ती शांत असायची. तिचं काम पडदे करण्याचं. शरीरात प्रथिनं असतात, त्यांचेच मणी, म्हणजे अमिनो आम्लं, घ्यायचे आणि कारखान्यात त्यांची नवी माळ ओवायची. त्या माळांचं दाट द्रावण सपाट काचेवर ओतायचं, पात्याने एका दमात पसरायचं आणि वाळू द्यायचं. पंखा बंद, बोलणं बंद. मग कडेला नख लावून सोलला की कांद्याच्या पापुद्र्यासारखा पडदा हातात यायचा. शस्त्रक्रियेनंतर शरीरातल्या दोन गोष्टी एकमेकींना चिकटू नयेत म्हणून डॉक्टर तो मध्ये ठेवत. पाण्यात महिनाभर बुडवा, त्याला काही होत नसे. पण शरीरातली विकरं, म्हणजे एन्झाइम, त्या माळेची गाठ न् गाठ सोडवायची, मणी शरीर स्वतःच वापरून टाकायचं, आणि काही आठवड्यांनी पडद्याचं नावही उरायचं नाही. काढायला पुन्हा चिरफाड नको. थोरलीला पडद्याचं हेच आवडायचं: काम झालं की गुपचूप निघून जायचं, कुणाला उपकार न सांगता.

पाकिटावर काय छापायचं याची बैठक झाली तेव्हा तिने सांगितलं, "जिरणारा पडदा."

विक्रीचे साहेब हसले. "अहो बाई, पेशंट विचारेल ना, कुणाची जिरवताय?"

सगळी खोली हसली.

"विरघळणारा लिहू," साहेब म्हणाले. "लोकांना पटकन कळतं."

"विरघळते ती साखर. हा पाण्यात विरघळत नाही. अन्न जिरतं तसा हा जिरतो."

"सामान्य माणसाला दोन्ही सारखंच हो."

तिकडे काचेवर पडदा वाळत होता, सोलायची वेळ टळली असती. थोरली उठून गेली. आयुष्यभर नको तिथे भांडलेली बाई हवं तिथे भांडली नाही.

मग आईचा हात कापला. आई रफूचं काम करायची. उसवलेलं, जळलेलं, कसरीने खाल्लेलं कापड तिच्याकडे यायचं आणि जाताना भोक कुठे होतं ते मालकालाही सापडायचं नाही. फुटलेला ग्लास उचलताना तिच्या तळहातात काच घुसली आणि मधलं बोट वाकवणारी दोरी तुटली. डॉक्टरांनी दोरी जोडली, तिच्याभोवती पडदा गुंडाळला. पाकिटावरचा क्रमांक बघितल्यावर थोरलीने ओळखलं, पडदा तिच्याच काचेवरचा.

"आई, तुझ्या हातात माझा पडदा आहे."

"हो का गं?" आई बँडेजकडे बघत राहिली. "मग जपायला हवा."

टाके निघाले. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी बजावलं, सकाळ-संध्याकाळ हात कोमट पाण्यात ठेवायचा आणि बोट वाकवायचं, दुखलं तरी. आईने मान डोलावली. पुढे जेव्हा जेव्हा त्या विचारत, "पाण्यात करता ना?", आई म्हणे, "हो, हो." बोट मात्र खुंटीसारखं ताठ.

सुट्टीच्या दिवशी थोरली न्हाणीघराच्या दारातच आईला धडकली. आई नुकती आंघोळ करून येत होती आणि उजव्या हाताला मनगटापर्यंत प्लास्टिकची पिशवी होती, दोऱ्याने करकचून बांधलेली.

"हे काय?"

"काही नाही. सवय आहे."

"कधीपासूनची?"

उत्तर धाकटीने दिलं. "टाके निघाल्यापासून. मला वाटलं, तूच सांगितलंयस."

"मी? मी सांगितलं हात सुका ठेवायला? आई, तुला पाण्यात घालायला सांगितला होता ना गं हात!"

"ओरडू नकोस. पाकिटावर काय लिहिलंय? विरघळणारा." आईचाही आवाज चढला. "मीठ विरघळतं, साखर विरघळते, मला काय कळत नाही? आणि बोट वाकवलं आणि फाटला म्हणजे? तू मान मोडून केलेला पडदा मी टबभर पाण्यात घालवू?"

थोरलीने दोऱ्याची गाठ सोडली. आई जो पडदा पिशवीत जपत होती, तो आत केव्हाच जिरून गेला होता. वेळेवर, जसा जायला हवा तसा. तो होता तेवढेच दिवस बोट मोकळं करायचे होते. आता दोरी आतल्या आत चिकटली होती.

दुसऱ्या दिवशी तिने ती पिशवी, दोऱ्यासकट, साहेबांच्या टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं.

"वाईट झालं," साहेब म्हणाले. "पुढच्या छपाईत बघू."

"तोवर किती बोटं ताठ होतील?"

"बाई, राग जरा गिळा."

"गिळला होता. त्या बैठकीत. जिरत नाहीये."

या वेळी कुणी हसलं नाही.

"तयार माल मी सोडणार नाही," ती म्हणाली.

"पडद्यात दोष आहे का?"

"पडद्यात नाही. शब्दात आहे. आणि माझ्या सहीशिवाय पाकीट बाहेर जात नाही, हे तुम्हीच ठरवलंयत."

साहेब चिडले, वर फोन झाले, तिला उद्धट म्हटलं गेलं. ती उद्धट राहिली. शेवटी प्रत्येक पाकिटावर चिठ्ठी चिकटली: पाण्याने जात नाही. शरीरात जिरतो. हात धुवा, बोटं हलवा.

घरी येताना तिने पडद्याचं एक कातरण आणलं होतं. पाण्याच्या ग्लासात टाकून ते खिडकीत ठेवलं. आई रोज डोकावायची. पापुद्रा तसाच तरंगत होता.

"मेला जातच नाही की," एक दिवस आई म्हणाली, आणि स्वतःहून टब ओढला.

कोमट पाण्यात तिने बोट वाकवलं. ओठ घट्ट मिटले. बोट अर्ध्या वाटेवर येऊन थांबलं. सुई धरायला तेवढं पुरत नाही. पुन्हा शस्त्रक्रिया लागेल, डॉक्टर म्हणाले होते.

"आता तरी राग सोड," आई म्हणाली.

"तू बोट वाकव."

"वाकवतेय ना!"

"अजून."

आईने एक कडक शिवी हासडली आणि बोट पुन्हा पाण्यात वाकवलं.