दगूबाईची सुरत

कोरीट गावात दगूबाईला कोणी दगूबाई म्हणत नसे. सुरतवाली म्हणत. विहिरीवर घागर लावली की सुरत, मिरच्या निवडायला बसली की सुरत, कोणाच्या बाळंतपणाला गेली तरी तिथं सुरत. 'आली बाई सुरतवाली, आता समुद्र सांगेल,' असं म्हणून बायका पदराआड हसत. त्यांचंही चुकत नव्हतं म्हणा. एकदा चार दिवस सुरत पाहिली आणि बाईनं ती वर्षानुवर्षं पुरवली. पण ती का पुरवली, ते ना त्या बायकांना कळलं, ना तिच्या नवऱ्याला. नवऱ्याला तर नाहीच नाही!

माहेर म्हसावदचं. लग्न करून आली तेव्हा अंगानं लहान होती, जिभेनं मोठी. घरी बापाशी भांडायची, भावांना हसवायची. आणि पडली कुठं, तर तापीबाईच्या घरात. तापीबाई म्हणजे सासू. मोठं खटलं, पुढं जेठ म्हणजे थोरले दीर, जेठाणी, पोरंटोरं, आणि धाकटा हिलाल हा दगूबाईचा नवरा. रीत अशी की मोठ्यांच्या देखत नवऱ्यानं बायकोशी बोलायचं नाही. बोललाच तर निर्लज्ज. आणि त्या घरात मोठं माणूस नाही अशी जागा सापडेल तर शपथ! हिलालला तहान लागली की तो म्हणे, "माय, पाणी देवाले सांग." माय म्हणे, "हिलालले पाणी दे वं." दगूबाई हनुवटीपर्यंत पदर ओढून तांब्या ठेवी आणि माघारी फिरे. मधे दोन हातांचंही अंतर नसे, पण निरोप मात्र सासूच्या तोंडून फिरून यायचा.

रात्री बोलत असतील म्हणाल, तर तेही नाही. अर्धं वर्ष तो खळ्यावर राखणीला. घरी असला तर कुडापलीकडं तापीबाईचा खोकला जागा. दगूबाईनं 'आयकं का' एवढं म्हटलं की तो 'शू' करी. संपला संसार. नवऱ्याचा आवाज तिला अंगणातूनच ऐकू यायचा, तोही बैलांशी बोलताना. बैलांशी मात्र छान बोलायचा मेला.

आगगाडी येऊन तेव्हा दहा-बारा वर्षं झाली असतील. गावोगावचे लोक सुरत पाहून येत आणि तापीबाईच्या पोटात दुखे. शेवटी ती म्हणाली, मरण्याआधी सुरत पाहीन, तिथं तापीत अंघोळ करीन. घराजवळची तापी सोडून म्हातारी लांबच्या तापीत बुडी मारायला निघाली, पण तिला सांगणार कोण? बरोबर हिलाल, सामान उचलायला. आणि दगूबाई, पाय चेपायला.

बाज्या सालदारानं गाडी जुंपून तिघांना नंदुरबारच्या स्टेशनावर आणलं. तिकिटं काढून झाली. मग आलं इंजिन. धूर, वाफ, आणि वर अशी शिट्टी, की तापीबाई जागच्या जागी जमिनीवर बसली. "ओ माय वं! मी नई बसाव त्या राकसना पोटमा!" हिलालनं हात धरला, बाज्यानं समजावलं, एका हमालानंही दोन शब्द सांगून पाहिले. म्हातारी हलेना. गार्डानं हिरवं निशाण काढलं तेव्हा ती ओरडली, "तिकिटं काढेल शेतस, वाया जातीन! तुम्ही दोन्ही जा!" आणि दोघं आयुष्यात पहिल्यांदा दोघंच निघाली. तापीबाईची कंजुषी म्हणजे देवच पावला म्हणायचा.

डब्यात हिलाल खिडकीला, दगूबाई समोर, पदर हनुवटीपर्यंत. कोणी ओळखीचं नव्हतं, तरी दोघं मुकाट. नवापूर मागं पडलं, डोंगर सरले, झाडंसुद्धा अनोळखी दिसू लागली, तेव्हा हिलालनं घसा खाकरला आणि म्हणाला, "तुले भूक लागनी का?"

दगूबाईनं मागं वळून पाहिलं. हा कोणाला विचारतोय? मागं नुसती फळी होती.

"माले?" ती म्हणाली.

"मंग काय फळीले?" हिलाल म्हणाला आणि हसला. हसताना तोंडावर हात धरतो, हे तिला तेव्हा समजलं. लग्नाला चार वर्षं झाली होती.

आणि मग जो सुटला तो माणूस! धर्मशाळेत पथारी टाकेपर्यंत बोलत होता. दगूबाईला वाटलं होतं, आपल्या नवऱ्याला बोलता येत नसावं. छे! तो किल्ल्याच्या भिंतीशी उभा राहून सांगायचा की एवढे दगड आणले कसे असतील. लोखंडी पुलावर मधेच थांबून खालची शिडाची गलबतं मोजायचा, चुकायचा, पुन्हा मोजायचा. चौकात भजी घेतली तर निम्मी तिच्या हातावर ठेवली आणि विचारलं, "तुले काय आवडस?" हे तिला कधी कोणी विचारलं नव्हतं. काय आवडतं ते आठवायलाच तिला भजी संपेपर्यंत वेळ लागला.

त्यानं तिला सांगितलं की लहानपणी त्याचा पांढरा गोऱ्हा मेला, तेव्हा कोणाला दिसू नये म्हणून तो कापसाच्या ढिगात तोंड खुपसून रडला होता. तिनं त्याला सांगितलं की सासरी पहिल्या पावसाळ्यात ती रोज म्हसावदच्या दिशेला तोंड करून जेवायची. त्यानं वळून तिच्याकडं पाहिलं. मग म्हणाला, "माले काय माहीत!" खरंच होतं. त्याला कुठून माहीत असणार?

तिसऱ्या दिवशी टांगा करून डुमसचा समुद्र पाहिला. गढूळ पाणी, काळी वाळू. दगूबाईनं चपला हातात घेतल्या, पदर खांद्यावर पडला तो तसाच राहू दिला. हिलाल तिच्या शेजारी चालत होता. मागं नाही, पुढं नाही, शेजारी. "ह्या पाणीमा आपली तापीनं पाणी बी शे," तो म्हणाला. तिला एकाएकी रडू फुटलं. तो घाबरला, पाय पोळला का विचारू लागला. तिला सुख झालं होतं हो, दुसरं काही नाही. इतकं सुख एका वेळी सोसायची तिला सवय नव्हती.

परत नंदुरबारला उतरले तर बाज्या गाडी घेऊन उभाच. त्याला पाहताच हिलालनं पाऊल लांब टाकलं आणि पुढं गेला. दगूबाईनं पदर ओढला आणि मागं राहिली. वाटेत तो बाज्याशी बोलला, बैलांशी बोलला. घरी तापीबाईनं विचारलं, "काय काय देखं रे सुरतमा?"

"पूल शे. किल्ला शे. समुद्र शे," हिलाल म्हणाला. आणि थोड्या वेळानं, "माय, पाणी देवाले सांग."

दगूबाईनं तांब्या ठेवला. तिला वाटलं, आज नाही तर उद्या बोलेल. एकदा ज्याची जीभ मोकळी झाली तो पुन्हा मुका कसा होईल? पण झाला. महिना गेला, सुगी गेली, पोटी रतिलाल आला, तरी तेच. तिला सुरतेचं काही पडलं नव्हतं. तिला तो सुरतेतला माणूस परत हवा होता आणि तो रोज तिच्या डोळ्यांपुढून औत घेऊन शेतावर जात होता. आणि ही काही मागून घ्यायची गोष्ट नव्हती. नवऱ्यापाशी बांगड्या मागता येतात, लुगडं मागता येतं. 'माझ्याशी बोला' असं कसं मागायचं?

मग तिनं युक्ती काढली. हिलाल ओट्यावर बसलेला असला की ती घरात बायकांना सुरत सांगायला बसे. मोठ्यानं. आणि मुद्दाम चुकीची. "समुद्रनं पाणी हिरवंगार व्हतं," ती म्हणे आणि कान ओट्याकडं लावी. आता तरी म्हणेल, हिरवं कुठलं, गढूळ होतं की! पूल लाकडाचा सांगे. किल्ला पुलाच्या त्या तीरावर नेऊन ठेवी. एकदा तर तिनं गलबतांना चाकं लावली. जेठाणी सुंदरबाई हसून लोळली. ओट्यावर हिलालनं घसा खाकरला, दगूबाईनं कान टवकारले, आणि तो उठून बैलांना चारा टाकायला गेला.

गाव म्हणू लागलं, सुरतवालीची सुरत दर साली मोठी होते, थापा मारते. म्हणू दे, म्हणाली ती. एका शब्दासाठी ती बाई गावभर खोटी ठरायला तयार होती.

अशी कितीतरी वर्षं गेली. हिलाल काही दगड नव्हता. बायकोला सुरतेची ओढ आहे एवढं त्यालाही उमगलं होतं. एका साली मिरचीला बरा भाव आला. लाल मिरच्यांची गाडी नंदुरबारला रिकामी करून तो घरी आला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "माय, औंदा आपन सर्वा सुरत जाऊत." बोलताना त्यानं चोरून माजघराकडं पाहिलं. दगूबाई चुलीपुढं होती. तिच्या हातून भाकरी करपली.

'सर्वा' या शब्दाकडं तिचं लक्षच गेलं नाही, आनंद झाला होता ना! सगळे म्हणजे सगळे. तापीबाई या खेपेला देवाचं नाव घेत, डोळे मिटून गाडीत बसली. जेठ, सुंदरबाई, पोरं, सुंदरबाईची विधवा बहीण. सुरतेच्या रस्त्यावर ती वरात निघाली. पुढं जेठ आणि हिलाल. हिलाल छत्रीनं दाखवतोय, हा किल्ला, हा पूल. मधे सासू. शेवटी पदर ओढून दगूबाई. तिला पदरातून नवऱ्याची पाठ दिसत होती, कोरीटात दिसायची तीच. समुद्रावर तर तो इतका लांब उभा राहिला की कोणाला वाटावं, परका आहे. पण मधूनमधून वळून तिच्याकडं बघत होता आणि चेहरा असा खुललेला, जणू सांगत होता, 'बघ, आणली की नाही तुला?' त्या चेहऱ्यावर रागावता येईना, हीच मोठी पंचाईत. तिथून आल्यावर दगूबाईनं सुरतेचं नाव टाकलं. हिलालला वाटलं, चला, हौस फिटली. गावही म्हणालं, मन भरलं सुरतवालीचं.

तापीबाई गेली. थोरल्यांची चूल वेगळी झाली. आता घरात मोठी माणसं कोण? हीच दोघं. आता त्यांना अडवणारं कोणी उरलं नव्हतं. दगूबाई एकदा भर दुपारी मनाचा हिय्या करून ओट्यावर त्याच्या शेजारी जाऊन बसली. हिलाल दचकला, जरा सरकला, रस्त्याकडं पाहिलं, आणि घरातल्या पोराला हाक मारली, "रत्या, तुन्ही मायले काय जोयजे ते पूस." काय हवंय ते विचार म्हणे! दगूबाई म्हणाली, काही नको, आणि उठली. इतक्या वर्षांची सवय हो, त्या सवयीला आता सासू लागतच नव्हती.

मग रतिलालचं लग्न झालं. सून रमिला, भारी बोलघेवडी पोर, पण आठ दिवसांत गप्प झाली. आणि एका सकाळी दगूबाईच्या कानावर आलं, "माय, पाणी देवाले सांग." तिचाच लेक. रमिला तिथंच, हातभर अंतरावर, पदर ओढून उभी. दगूबाईचं डोकं फिरलं.

"तू अन् ती सुरत जा," ती म्हणाली. "दोन्हीच. कोणले संगे लई जावानं नई."

हिलाल ओट्यावरून गुरगुरला, "रत्या, तुन्ही मायले सांग, लोके हासतीन म्हनीसन."

"हासू द्या," दगूबाई थेट त्याच्याकडं बघून म्हणाली.

पोरं गेली. चार दिवस म्हणून गेली आणि सहा दिवसांनी आली. बैलगाडी दाराशी थांबली, रतिलाल बैल सोडू लागला, रमिला गाठोडं घेऊन ओट्यापाशी आली. हिलाल तिथंच सुपारी कातरत होता. दगूबाईचे हात पिठाचे, तशीच बाहेर धावली. रमिलानं वाकून नमस्कार केला आणि सुरू केलं, "आत्याबाई, समुद्र इतला मोठा..."

"समुद्र ऱ्हाऊ दे वं!" दगूबाईनं तिचं मनगट धरलं. "तो बोलना का तुन्हासंगे?"

रमिला लाजली. मान खाली घालून म्हणाली, "बोलनात ना. मायंदाळ बोलनात."

दगूबाईचे डोळे भरून आले. पिठाच्या हातांनी पुसता येईनात. ती तशीच उभी राहिली, आणि तिच्या तोंडाकडं पाहता पाहता ओट्यावर हिलालचा अडकित्ता थांबला. सावकाश, अगदी सावकाश त्याच्या ध्यानात आलं, बायकोला जन्मभर सुरतेतलं काय हवं होतं ते. तो उठला. सून समोर, लेक समोर, रस्त्यावर माणसं, त्याला भान राहिलं नाही.

"मंग तू माले कधी सांगं का नई?" तो म्हणाला.

"कसं सांगू?" दगूबाई म्हणाली. "तुम्ही बोलनात कधी मन्हासंगे?"

ती आत गेली. पोरं प्रवासातून उपाशी आली होती, तवा तापला होता. हिलाल तिच्या मागोमाग चुलीच्या खोलीच्या दारापर्यंत आला, जिथं तो कधी येत नसे. ती भाकरी थापत राहिली, त्याच्याकडं पाहून थांबली, पुन्हा थापू लागली. तो दारातच उभा होता. त्याला बोलायचं होतं आणि काय बोलावं ते सुचत नव्हतं.